वायरमन वगळून

२ मार्च, सोमवार

मानवजातीने आज माझ्यावर जो अन्याय केला त्याची लेखी नोंद कुठेतरी असायला हवी, म्हणून ही वही. काचमहालाच्या अर्जात जन्मसाल लिहायची सोय नाही, यादीतून निवडायचं असतं. यादी चालू सालापासून सुरू होते आणि अंगठ्याने ती खाली ओढत न्यायची. पहिली वीस वर्षं अंगठा ताजातवाना होता. तिशीत दमला. चाळिशी ओलांडली आणि यादी अडखळली, तिने मला पुन्हा या सालात आणून सोडलं, जणू मी नुकतीच जन्मले आहे आणि लगोलग नोकरी मागते आहे. तिसऱ्या खेपेला माझं साल सापडलं. ते शेवटून चौथं. माझ्याखाली आणखी तीन सालं, मग यादी संपते. त्याआधी कुणी जन्माला आलंच नाही, असं कंपनीचं मत दिसतं.

काचमहाल हे नाव माझं. खरं नाव सगळ्या जगाला माहीत आहे आणि त्या नावाची पाण्याची बाटली घेऊन फिरणारी माणसं लिफ्टमध्येसुद्धा वेगळी उभी राहतात. हजारात चार जणांना घेतो, असं ते स्वतःच अभिमानाने लिहितात. नापास झालात तर दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. दोन वर्षांनी माझं साल यादीत असेल का, हा प्रश्न आहे.

जानेवारीत आमच्या जुन्या कंपनीने बावीस जणांना एका दुपारी घरी पाठवलं. त्यात मी आणि टेकू. टेकू अकरा वर्षं माझ्या टेबलाच्या आडपडद्याला टेकून उभा राहिला, म्हणून टेकू. त्याच्या शर्टाच्या बाहीचा तेलकट डाग त्या पडद्यावर अजून असेल. आज अर्जाचं सांगितलं तर म्हणाला, तू नक्की भर. तू नाही भरणार का, असं विचारलं तर हसला. "मला कोण घेतंय गं? मी आता मेहुण्याच्या दुकानात बसणार."

मला वाईट वाटलं. दोन बिस्किटं जास्तीची वाढली.

५ मार्च, गुरुवार

पहिली परीक्षा पास. दीड तास संगणकासमोर बसून कोडी सोडवायची होती. शेवटचं कोडं सुटलं तेव्हा एक मिनिट उरलं होतं. नवऱ्याने खांद्यावर थाप मारली आणि सवयीने विचारलं, जेवायला काय आहे.

पुढची पायरी मुलाखत. त्यांना आता कोडी नकोत, गोष्टी हव्यात. पत्रात लिहिलंय की आपल्या कामातले सहा प्रसंग तयार ठेवा, त्यातला एक असा की जेव्हा सगळं बिघडलं आणि तुम्ही सावरलंत. प्रत्येक प्रसंग तुमचा स्वतःचा हवा, हे जाड अक्षरात. दुसऱ्याचे प्रसंग कोण सांगणार, कळत नाही.

टेकू म्हणाला, तुझी तयारी मी करून घेतो. रोज संध्याकाळी येतो, मी साहेब, तू उमेदवार. दुकान अजून सुरू व्हायचंय, वेळच वेळ आहे. असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

आज त्याला पंपाची गोष्ट सांगितली. ती माझी सगळ्यात भारी. सहा वर्षांपूर्वीचा रविवार. आमची कंपनी दवाखान्यांना रुग्णांचे नंबर लावायची सोय पुरवायची, आणि त्या सकाळी नवी दुरुस्ती चढवायला ऑफिसात मी एकटी. अकरा वाजता मुख्य यंत्र बंद पडलं, आपोआप उठलं, चाळीस मिनिटांनी पुन्हा पडलं. अठरा दवाखान्यांचे फोन. मी माझी दुरुस्ती उलटी फिरवली, तरी तेच. साहेब परगावी. टेकूला तीनदा फोन केला, तो सिनेमाला. मी प्रोग्रामची एकेक ओळ वाचत बसले होते, तेवढ्यात बिल्डिंगचा वायरमन ट्यूब बदलायला आला. शिडीवरूनच म्हणाला, "ताई, तुमचं यंत्र झोपतं ना, त्याच्या आधी दर खेपेला गच्चीवरचा पंप चालू होतो. मी मघापासून ऐकतोय." त्याने आपली टॉर्च दिली. मी कपाटामागे सरपटत गेले. वीज कमीजास्त झाली तरी यंत्र सांभाळणारी जी यूपीएसची पेटी, तिच्यातून कुणीतरी प्लग काढून भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये घातला होता. त्याच लाइनवर पंप. टाकी त्याच सकाळपासून गळत होती, म्हणून पंप दर चाळीस मिनिटांनी. पंप उठला की आमचं यंत्र आडवं. मी प्लग जागेवर लावला. अठरा दवाखाने सुरळीत.

टेकूने सगळं ऐकलं. टॉर्चचा रंग विचारला, टाकी किती मजले वर होती ते विचारलं. इतकं लक्ष देऊन माझं नवऱ्याने साखरपुड्यातही ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "प्लग कुणी काढला होता, ते कळलं का पुढे?"

नाही कळलं, असं मी म्हणाले. तो पाणी प्यायला.

८ मार्च, रविवार

टेकूचं म्हणणं, गोष्टीतून वायरमन काढायचा.

मी म्हटलं, अरे, पण ऐकलं त्याने. टेकूने साहेबाचा चेहरा केला. "त्यांना तू हवी आहेस, वायरमन नकोय. तू म्हणशील त्याने सांगितलं, तर ते म्हणतील मग त्यालाच बोलवा. मला पंपाचा आवाज आला, एवढं एकच वाक्य. बघ कसं बसतं."

तसं म्हणून पाहिलं. मला पंपाचा आवाज आला. खरंच छान बसतं. आणि तसा तो मलाही आलाच होता, मी काही बहिरी नव्हते. फक्त तो ऐकायचा असतो हे माहीत नव्हतं. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा मला तो आवाज आधी आल्याचं जवळजवळ आठवू लागलं.

सासूबाई आतल्या खोलीत असतात. टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होत्या, म्हणजे दुसऱ्यांचं ऐकायचा त्यांनी पगार घेतला आहे. टेकू गेल्यावर बाहेर आल्या. "हा तुला शिकवायला येतो की शिकायला?"

मी म्हटलं, आई, तो मदत करतोय.

"असेल. पण तो ऐकत नाही गं, उतरवून घेतो. फरक असतो."

त्यांना टेकू पहिल्यापासून आवडत नाही. चपला दारात आडव्या काढतो म्हणून. माणसाची पारख चपलांवरून करणारी ती पिढी.

१० मार्च, मंगळवार

रिमोटसाठी सेल शोधताना नवऱ्याला खालच्या खणात टॉर्च सापडली. लाल टेप गुंडाळलेली, आतले सेल फुगून पाझरलेले. ही कुणाची, म्हणाला. वायरमनची. त्या रविवारी पर्समध्ये टाकून आणली, ती राहिली. द्यायची आहे, असं मी सहा वर्षांपूर्वीही म्हणाले होते म्हणे. नवऱ्याची स्मरणशक्ती अशा बाबतीत अचाट आहे.

पुन्हा खणात टाकली. आधी मुलाखत.

१३ मार्च, शुक्रवार

काल टेकू आला नाही. निरोप होता की दात ठणकतोय, दिवसभर डॉक्टरकडे. आज आला तो केस कापून, दाढी गुळगुळीत. गाल सुजलेला नव्हता. दातासाठी कुणी केस कापतं का, असं मी विचारलं तर म्हणाला, खुर्ची दिसली की बसून घ्यावं. हसलो दोघं. पायात नवे काळे बूटही होते. मेहुण्याच्या दुकानात एवढा थाट लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

आज त्याचं तयारीत लक्ष नव्हतं. मी पंप सुरू केला तर म्हणाला, तो झालाय तुझा, आता दुसरी घे. पण दुसरी ऐकताना घड्याळ बघत होता. जाताना दारात थांबून म्हणाला, "खरं तर पंपाऐवजी दुसरीच गोष्ट सांग तू. ती साहेबाच्या पासवर्डची. हलकीफुलकी आहे."

का, असं विचारलं तर खांदे उडवले. माझी सगळ्यात भारी गोष्ट मी का म्हणून घरी ठेवू? दातदुखीने माणूस चिडचिडा होतो.

१७ मार्च, मंगळवार

झाली. उभी आहे अजून, म्हणजे चांगलीच झाली.

काचमहालात सगळं काचेचं, शौचालयाचं दार सोडून, त्याबद्दल त्यांचे आभार. मुलाखत घेणारी मुलगी माझ्या जुन्या खुर्चीपेक्षा वयाने थोडीच मोठी असेल. आवाज मऊ. मी बोलते तसं ती भराभर टाइप करत होती. पहिल्या दोन गोष्टी झाल्या, तिने मान डोलावली. मग म्हणाली, सगळं बिघडलं असा प्रसंग सांगा.

मी पंप काढला. "दर चाळीस मिनिटांनी" म्हणाले आणि तिची बोटं थांबली. इतकी गुंगली. मग तिनेच विचारलं, "पंप गच्चीवर होता का?"

मी अजून गच्चीपर्यंत पोचलेही नव्हते. काय तल्लख मुलगी. हो म्हणाले.

"आवाज कुणाच्या लक्षात आला?"

"मला पंपाचा आवाज आला," मी म्हटलं. टेकूने शिकवलं होतं तस्सं, ना घाई, ना फुशारकी.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "तिथे आणखी कुणी होतं का? वायरमन वगैरे?"

आता हे तिने कसं ओळखलं, देव जाणे. पण नाटक अर्ध्यावर आलं की पात्रं वाढवता येत नाहीत. मी म्हटलं, नाही, रविवार होता.

"अगदी कुणीच नाही? ज्यांना आम्ही विचारू शकू असं?"

"अगदी कुणीच नाही."

तिने टाइप केलं. फार नाही, एखादी ओळ. पुढच्या तीन गोष्टी तिने विचारल्याच नाहीत, म्हणाली, पुरेसं झालं. पंपानेच काम केलं असावं. टेकूला फोन लावला, उचलला नाही. दुकान सुरू झालं वाटतं.

१८ मार्च, बुधवार

आज मी उगाचच कपाट आवरलं. कामावर जायचे चार जोड इस्त्री करून बाजूला काढले. सासूबाई म्हणाल्या, अजून पत्र आलेलं नाही. मी म्हटलं, इस्त्री केली म्हणून पत्र परत जात नाही.

२४ मार्च, मंगळवार

पत्र आलं. चार ओळी. आपल्या वेळेबद्दल आभार. आपण दिलेल्या माहितीच्या खरेपणाबद्दल आमचं समाधान होऊ शकलं नाही. यापुढे आपल्या अर्जाचा विचार करता येणार नाही.

दोन वर्षं नाही. यापुढे.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आलं.

२५ मार्च, बुधवार

काही नाही.

२७ मार्च, शुक्रवार

काल आणि आज मिळून नऊ वेळा फोन केला. नवव्यांदा माणूस लागला, तोही भरतीवाला पोरगेलासा आवाज, समोरचा कागद वाचत असावा. कारणं सांगता येत नाहीत, असं तीनदा म्हणाला. मी म्हटलं, अहो, तुम्ही मला खोटारडी म्हणताय, निदान कशाबद्दल ते तरी सांगा. तेव्हा तो कागद सोडून बोलला. "मॅडम, तुम्ही सांगितलेला एक प्रसंग आमच्याकडे तुमच्या चार-पाच दिवस आधीच दुसऱ्या उमेदवाराने सांगितला होता. त्याचा म्हणून. तुमच्यापेक्षा बराच तपशिलात." मग घाबरून फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पुसायला घेतला. सासूबाई दारात उभ्या. त्यांना काही सांगावं लागत नाही, भिंतीतून कळतं.

"कुठला प्रसंग? पंपाचा?"

मी हो म्हटलं.

"तो मला पाठ आहे. तुझ्या नवऱ्याला पाठ आहे. तुला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "आणि चौथ्याला आहे."

मी म्हटलं, आई, त्याने अर्जच भरला नव्हता. मेहुण्याचं दुकान आहे. सासूबाईंनी फडकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि उरलेला गॅस त्यांनी पुसला. एका जागी फार वेळ पुसत होते म्हणे मी.

मुलाखत सतराला. चार-पाच दिवस आधी म्हणजे बाराच्या आसपास. दात बाराला दुखत होता.

२८ मार्च, शनिवार

टेकूकडे गेले. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि आनंदाने म्हणाली, अगं, किती दिवसांनी, तुला पेढे द्यायचेच होते... आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून वाक्य तिथेच सोडून आत गेली. बैठकीच्या टेबलावर पाण्याची बाटली होती. काचमहालाच्या नावाची. अजून प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

टेकू समोर बसला. टेकायला काही नव्हतं त्यामुळे अवघडला होता. मी वाटेत खूप काही जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी विचारलं, दुकानाचं काय झालं?

"मेहुण्याला दुकान नाही," तो म्हणाला. "नोकरी करतो तो."

मग त्याने सुरुवात केली. खाली बघूनच. "अकरा वर्षं शेजारी बसलो आपण. तुझ्याकडे सहा गोष्टी निघाल्या. मी रात्रंदिवस डोकं खाजवलं, माझ्याकडे एक निघेना. एक. जे काही व्हायचं ते तुझ्या टेबलावर व्हायचं, मी टेकून बघायचो."

"म्हणून माझी उचललीस."

"थोडी माझीपण आहे ती." आता त्याने वर बघितलं. "प्लग मी काढला होता. शनिवारी संध्याकाळी. फोन चार्जिंगला लावायला. त्यांना सांगितलं मी तसं, की चूक माझी होती, माझ्यामुळे अठरा दवाखाने बंद पडले. ते त्यांना फार आवडलं. माणूस चूक कबूल करतो म्हणाले."

सहा वर्षं. त्या कपाटामागे मी पोटावर सरपटले, गुडघा सोलून घेतला, आणि हा सोमवारी डबा खाताना विचारत होता की काल एवढं काय झालं.

मी म्हटलं, तू मला मुद्दाम वायरमन काढायला लावलास.

"सांगितलं मी. काढलास तू." आवाज चढवला नाही त्याने, तेच जास्त लागलं. "मी नाही काढला. मी म्हटलं, आमच्या बिल्डिंगचा वायरमन होता, त्याच्या लक्षात आलं, मी फक्त त्याचं ऐकलं. आणि तुला मी शेवटी म्हणालो होतो ना, ती गोष्ट नको सांगूस. दुसरी सांग. म्हणालो होतो."

म्हणाला होता. इतका प्रामाणिक चोर मी पाहिला नव्हता. त्याच्या घरातून निघताना माझी उंची कमी झाल्यासारखं वाटत होतं. दारात त्याचे नवे काळे बूट होते. आडवे.

२९ मार्च, रविवार

तक्रार लिहायला बसले. काचमहालाच्या मोठ्या साहेबांना. पहिलं पान जोरात झालं. आपल्या नव्या उमेदवाराने सांगितलेला प्रसंग माझा असून, त्या दिवशी तो सिनेमा बघत होता. दुसऱ्या पानावर पुरावा द्यायचा होता. पुरावा म्हणजे त्या दिवशी तिथे असलेला माणूस. असा जगात एकच आहे, आणि तो तिथे नव्हता हे मी स्वतः दोनदा सांगून आले आहे. टाइप झालेलं आहे ते.

आता त्याला उभं करायचं म्हणजे आधी लिहावं लागेल की मी खोटं बोलले. म्हणजे त्यांचं पत्र बरोबर.

तरी लिहिलं. "मी, बिल्डिंगचा वायरमन, सांगतो की त्या दिवशी" असा एक वेगळा कागद केला, खाली सहीची जागा सोडली. तो नाही म्हणणार नाही. चांगला माणूस आहे. एवढं मला माहीत आहे, आणि त्याचं नाव मात्र माहीत नाही. सहीच्या खाली कंसात काय लिहायचं, तिथे अडले.

मग खणातली टॉर्च काढली. पाझरलेलं सगळं व्हिनेगर लावून, कापसाने खरवडून साफ केलं. तासभर गेला. नवऱ्याने रिमोटसाठी आणलेले नवे सेल घातले. लागली.

३० मार्च, सोमवार

जुन्या बिल्डिंगमध्ये आता आमच्या जागी दुसरीच कंपनी आहे. वायरमन होता तिथेच, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत, स्टुलावर बसून वायरचं टोक सोलत. केस पांढरे झालेत. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "या ताई. पंपवाल्या ताई ना?"

मी हो म्हटलं. त्याने स्टूल मला दिलं आणि स्वतः उलट्या बादलीवर बसला.

म्हणाला, इथे नवीन लोक येतात, कुठे काही बंद पडलं की यंत्राशी झटापट करत बसतात, तेव्हा मी तुमची गोष्ट सांगतो. मी विचारलं, काय सांगता? तर तो हातातली वायर बाजूला ठेवून नीट सांगू लागला. की एक ताई होत्या, सुट्टीच्या दिवशी एकट्याच होत्या, सगळीकडून फोन येत होते. "मी शिडीवरून आपलं बोललो पंपाचं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काका, तुम्ही ट्यूब बघा. ह्या उठल्या, माझी टॉर्च घेतली नि साडीनिशी कपाटामागं गेल्या. मी सगळ्यांना सांगतो, आवाज तर कुणालाही येतो. ऐकणारं माणूस लागतं."

साडी नव्हती नेसले मी. पण गोष्ट त्याची होती.

पर्समध्ये तो कागद होता, घडी घातलेला, पेनही होतं. हात त्याच्यावर गेला. मग मी त्याच्या खालची टॉर्च काढली आणि म्हटलं, काका, ही तुमची राहिली होती माझ्याकडे. फार उशीर केला. आणि तुमचं नाव कधी विचारलं नाही मी.

त्याने नाव सांगितलं. मी ते एकदा मोठ्याने म्हटलं, नीट लागलं का ते बघायला. इथे लिहीत नाही. या वहीत मी बऱ्याच गोष्टी माझ्या नावावर लिहिल्यात, ते त्याचं त्याच्याकडेच राहू दे.

त्याने लाल टेपवरून अंगठा फिरवला, बटण सरकवलं. दिवसाउजेडीही मीटरच्या खोलीच्या कोपऱ्यापर्यंत लख्ख झोत गेला. त्याने बंद केली, पुन्हा लावली, आणि माझ्याकडे बघितलं.

"सहा वर्षं सेल टिकले, ताई?"

"तुमचे सेल चांगले होते, काका," मी म्हटलं.